टेपआत्या आणि बॅटरीची सायकल

पासष्टी ओलांडलेली एक बाई. काडीला काळी टेप गुंडाळलेला चष्मा, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायात कारखान्यातले सेफ्टी शूज. अशी बाई सायकलवर ताठ बसून घंटी वाजवत पुलाच्या चढावर तुमच्या रिक्षाला मागं टाकून गेली, तर तुम्ही आधी काय कराल? रस्ता द्याल, की हसाल? की तिच्या मुलाला फोन लावून विचाराल, "अरे, आई कुठं निघाली होती?"

प्रामाणिकपणे उत्तर द्या. आमच्या संत तुकाराम नगरात तिन्ही प्रकारची माणसं होती. रस्ता देणारी सर्वांत कमी.

ती आमची टेपआत्या. रक्ताच्या नात्यानं ती माझी कुणी लागत नव्हती. माझे वडील कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशिनवर, कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांची पत्रकं लिहायचे. ती छापून आली की आमच्या घरात गठ्ठे बांधायचं काम चाले, आणि त्या कामाला शेजारच्या जिन्यावरून ही यायची. वडील तिला ताई म्हणत, म्हणून ती माझी आत्या. शाळेच्या पुस्तकाआधी मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवरून. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे माझं पहिलं सलग वाचलेलं वाक्य. आत्या तेव्हा म्हणाली होती, "बंधू आधी का? आमी लाइनवर जास्त हावोत." वडिलांनी पुढच्या पत्रकात भगिनी आधी घातल्या.

ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये हार्नेस बांधायची. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातल्या वायरींची जुडी. दिवा, हॉर्न, इंडिकेटर, सगळ्यांच्या वायरी एका लाकडी फळीवर खिळ्यांमधून ताणायच्या आणि वरून टेप गुंडाळत जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. नोकरी संपली तरी हाताची सवय संपली नाही. छत्रीची मूठ, टीव्हीचा रिमोट, माझा कंपास, तळमजल्यावरच्या पाटीलकाकांच्या कुबडीचा दांडा, ज्याला तडा गेला त्याला आत्याची टेप लागली. पर्समध्ये पैशांचं पाकीट एखाद्या दिवशी नसे, पण टेपची दोन रिळं कायम असत. एक काळं, एक लाल.

काळं कामाचं होतं. लाल रिळाला कायदा होता. लाइनवर एखादी जुडी चुकली, वायर उलटी गेली, तर तिच्यावर लाल टेपचा तुकडा लावायचा. तो लावलेला माल पुढं जात नसे आणि भंगारातही टाकता येत नसे. मागं फिरवायचा, उकलायचा, नीट करायचा, मगच पुढं. लाल टेप कुणीही लावू शकत असे, काल आलेली पोरगीसुद्धा. आणि दुरुस्ती झाल्याशिवाय ती काढायची मॅनेजरलाही मुभा नव्हती. आत्या हे सांगताना खुर्चीत जरा पुढं सरकायची. "बाकी कशात आमचं कुणी ऐकत न्हवतं. लाल टेप लागली की लाइन थांबायची. साहेब पळत यायचा."

आता सायकलकडे येते.

सायकल आणली तिच्या मुलानं, विलासनं. तो चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. पोट सुटलं म्हणून पेडल मारायची आणि बॅटरीवरही चालणारी सायकल त्यानं घेतली, थोडे दिवस मारली, मग शिफ्ट बदलली, आणि ती पार्किंगमध्ये कव्हरखाली जाऊन बसली. वर मांजर झोपायचं. आत्या रोज भाजी घेऊन येताना कव्हर उचलून बघायची. मी एकदा विचारलं, "काय बघतेस?"

"तुझे मामा मला कॅरिअरवर बसवून भोसरीला सोडायचे," ती म्हणाली. मामा म्हणजे तिचे यजमान, छातीच्या आजारानं गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. "बायका एका अंगाला पाय सोडून बसतात ना. त्यामुळं मला त्या रस्त्याची डावी बाजूच म्हाईत. उजवीकडं काय काय हाय, ते बघायचं राहिलंय."

ती लहानपणी सायकल शिकलीच नव्हती. खेड तालुक्यातल्या तिच्या गावात भावांना सायकल मिळाली, तिला भावांचे डबे मिळाले. त्यामुळं साठीनंतर, गुडघे कुरकुरत असताना, कॉलनीच्या मैदानावर सकाळी सकाळी ती शिकायला उतरली. साडीच्या निऱ्या तिनं वायरी आवळायच्या प्लास्टिकच्या क्लिपांनी बांधल्या होत्या. शूज ठेवणीतले, वर्कशॉपचे. डोक्यावर विलासचं हेल्मेट. मी मागून सीट धरायला.

आणि पहिल्याच दिवशी एक अजब गोष्ट झाली. सायकल फक्त उजवीकडे वळायची. आत्या उजवीकडे एक गोल फेरी मारायची, आणखी एक मारायची, डावीकडे वळायला गेली की हँडल अडायचं आणि ती थेट मेंदीच्या कुंपणात. फिरायला आलेली मंडळी बाकांवर बसून बघत होती. एक जण म्हणाला, "मावशी, घाण्याला जुंपलंय का?" आत्या कुंपणातून उठली, पानं झटकली आणि हँडलपाशी वाकली. मग खूप वेळ हसत राहिली. आदल्या दिवशी तिनं सायकल पुसताना पाहिलं होतं की ब्रेकच्या आणि बॅटरीच्या वायरी हँडलपाशी सैल लोंबताहेत. सैल वायर तिला आयुष्यात कधी खपली नव्हती. तिनं त्या ओढून, आवळून, दांड्याला टेपनं अशा पक्क्या बांधल्या होत्या की हँडलला डावीकडे जायला वायरच शिल्लक नव्हती.

तिनं पर्समधून लाल रीळ काढलं, तुकडा तोडला आणि स्वतःच्याच कामावर चिकटवला. "रिजेक्ट," ती म्हणाली. "सुपरवायझरला सांगू नको." मग तिथंच बसून सगळं उकललं आणि वळण्यापुरती ढील सोडून पुन्हा बांधलं.

ती शिकली. पडली, पण शिकली. आणि त्यानंतर आत्या जी सुटली, ती काय सांगू.

सायकल मारताना ती एक लबाडी करायची. चढ आला की बटण दाबून बॅटरीचा जोर वाढवायचा, पण पाय मात्र जोरात फिरवत राहायचे आणि चेहरा दमल्यासारखा करायचा. "बघणाऱ्याला वाटलं पायजे, म्हातारीच्या पायात काय ताकद हाय." उतारावर पेडल थांबवून दोन्ही पाय जरा पुढं करायची, शाळकरी पोरीसारखी. वाटेत आमचं कुणी दिसलं तर थांबायची नाही, "जयभीम" म्हणत घंटी वाजवत पुढं. गुडघ्यांना पेडलचा व्यायाम सोसत होता, जिना चढताना ती आता मध्ये टेकत नव्हती. पण हे मी सांगते आहे. तिनं कधी सांगितलं नाही.

कंटेनर धावतात त्या रस्त्यांना ती जात नसे. आतल्या गल्ल्यांनी, उद्यानांच्या कडेनं, कारखान्यांना सुट्टी असलेल्या दिवशी भोसरीच्या रिकाम्या रस्त्यांनी. जुन्या वर्कशॉपच्या दारासमोर थांबून, कुलपाकडे बघून परत येई. एकदा मला म्हणाली, "त्या रस्त्याला उजवीकडं एक चिंच हाय, केवढी मोठी. एवढी वर्षं मला पत्ताच न्हवता." त्या दिवशी ती चिंचेविषयी जेवढं बोलली तेवढं तिला स्वतःच्या नातवाविषयी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मग तळवड्याचं प्रकरण झालं. नदी दिसते का बघायला म्हणून ती निघाली, रस्ता आवडला म्हणून पुढं जात राहिली आणि तिकडच्या आयटी पार्कसमोर बॅटरी संपली. ती सायकल बॅटरीशिवाय फार जड लागते. आत्यानं ढकलत एक चहाची टपरी गाठली, चहावाल्याला विचारून चार्जर लावला आणि चहा घेत बाकावर बसली. शेजारी गळ्यात ओळखपत्रं घातलेली तीन-चार मुलं उभी होती.

"मावशी, कुणाला भेटायला आलात का?" एकानं विचारलं.

"कुणाला न्हाई."

"मग काही काम होतं इकडे?"

"काम बी न्हाई."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं आवाज हळू करून विचारलं, "मावशी, घर कुठंय आठवतंय का?"

आत्याला कळेना हसावं की चिडावं. ती म्हणाली, "आठवतंय की. तुझं तुला आठवतंय का, सकाळी किती वाजता निघालास ते?" पण पोरं चांगल्या घरची होती, काळजी करणारी. तिच्या पिशवीवर विलासनं टेपवर त्याचा नंबर लिहून चिकटवला होता. त्यांनी तो फिरवला. विलास शिफ्ट अर्ध्यावर सोडून गाडी घेऊन आला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. विलास ओरडला नाही. तो जेवत नव्हता एवढंच. शेवटी म्हणाला, "आई, मी रोज चाकणच्या रस्त्यानं जातो. रोज कुठं ना कुठं रस्त्यात एक चप्पल पडलेली दिसते. एकच. मी ती चप्पल बघत गाडी चालवतो. तुला काय पाहिजे ते मी आणून देतो ना. कुठं जायचं तर रिक्षा बोलावून देतो."

"रिक्षात मला बसवत्यात, इल्या," आत्या म्हणाली. "सायकल मी चालवते."

"पण कशासाठी?"

ती उठली. ताट घेऊन मोरीकडे गेली.

विलास आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलला असावा. सेक्रेटरी लातूरकडचे, चाळिशीतले, नोकरी चांगली, बोलणं एरवी ऑफिससारखं. माणूस वाईट नव्हता. कुठल्या तरी इमारतीत बॅटरी पेटल्याच्या बातम्या त्यांनीही वाचल्या होत्या, आणि आमचा जिना अरुंद आहे. आठवड्याच्या आत फलकावर नोटीस लागली. पार्किंगमध्ये बॅटरीवरची वाहनं चार्ज करायला बंदी. आणि खाली आणखी एक ओळ : 'ज्येष्ठ नागरिकांनी स्वतःच्या सुरक्षिततेसाठी अशी वाहने वापरू नयेत.'

आत्या चौथ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही. त्या सायकलची बॅटरी दांड्याच्या आत बसवलेली, निघत नाही. म्हणजे पार्किंगमधला प्लग बंद झाला की तिचं फिरणं बंद. विलासनं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

मी नोटीस वाचून तापले. पहिल्या झटक्यात ती फाडायचीच माझी तयारी होती. आत्या खाली उतरली, चष्मा पुसला, नोटीस दोनदा वाचली. पहिल्या कलमावर बोट ठेवून म्हणाली, "ही भीती खरी हाय." मग बोट खाली गेलं. "ही ओळ चुकली." पर्स उघडली, लाल रीळ काढलं आणि 'ज्येष्ठ नागरिकांनी' या शब्दांवर एक तुकडा चिकटवला. नीट, सरळ, कोपरे दाबून.

"फाडायची न्हाई," ती मला म्हणाली. "दुरुस्तीला टाकायची."

आमच्या तीन इमारतींत कारखान्यात न गेलेलं घर विरळच. कुणी हार्नेसवर, कुणी कास्टिंगवर, कुणी पेंटशॉपमध्ये. लाल टेप, लाल खडू, लाल चिठ्ठी, प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी, अर्थ एकच. संध्याकाळी पहिल्या शिफ्टची माणसं परत आली आणि फलकासमोर थांबायला लागली. पाटीलकाकांनी कुबडी टेकवून वाचलं आणि आत्याला हाक मारली, "ताई, आणा जरा ते रीळ." त्यांनी दुसरा तुकडा लावला. मग पेंटशॉपवाल्या एका बाईनं लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओळीतलं एकही अक्षर दिसत नव्हतं. बाकी नोटीस तशीच, स्वच्छ.

सेक्रेटरी ऑफिसला निघताना ते पाहून थबकले. चिडले की त्यांची भाषा लातूरला जायची. "मावशी, काय करायलाव हे? सोसायटीची नोटीस हाय ती."

"काढा की मग टेप," आत्या म्हणाली.

त्यांनी हात पुढं केला. मागे पाटीलकाका उभे होते, दूध घेऊन आलेली दोन माणसं उभी होती. सेक्रेटरींचे वडील साखर कारखान्यात फिटर होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी हात खाली घेतला. "रविवारी सभा घेतो," ते म्हणाले आणि निघून गेले.

आता माझी पाळी होती. मी पत्रक लिहिलं. मला वाटलं, चांगलं लिहिलंय. ज्येष्ठांना औषधं आणायला, बँकेच्या कामाला, दवाखान्यात जायला स्वस्त आणि स्वावलंबी साधन हवं, वगैरे. आत्याला वाचून दाखवलं. तिनं कागद हातातून घेतला आणि 'औषधं' या शब्दावर लाल टेप लावली. मग 'बँके'वर. मग 'दवाखान्या'वर.

"मी औषध आणायला कवा गेले गं सायकलवर? औषध इल्या आणतो. बँक मोबाइलात हाय."

"आत्या, लोकांना पटेल असं लिहावं लागतं."

"तुझा बाप पत्रकात काय लिहायचा?"

"मागण्या."

"मंग मागणी लिही. मला फिरायचंय. मला त्यात मजा येते. एवढंच हाय ते."

मी वाद घातला. मजा म्हटलं की माणसं हसतील, गंभीरपणे घेणार नाहीत, हरशील. ती ऐकेना. म्हणाली, "बाईनं घराबाहेर पडायचं तर पोरांसाठी, दुखण्यासाठी न्हाईतर देवासाठी. मी आयुष्यभर कायतरी कारण सांगून बाहेर पडले. आता कारण सांगायचा मला कंटाळा आलाय."

पत्रक एका ओळीचं झालं. मी त्याच्या प्रती काढल्या आणि दारादारांतून सरकवल्या. लोक हसलेच.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. विलास पहिली शिफ्ट करून आलेला, कंपनीच्या गणवेशातच मागं बसला. आगीच्या भीतीवर बराच वेळ बोलणं झालं, आणि त्यात आत्यानं कुणाला फार बोलूच दिलं नाही. तिनं स्वतःच अटी सांगितल्या. प्लग जिन्यापासून लांब, भिंतीच्या टोकाला. वेगळं मीटर, बिल वापरणाऱ्याचं. चार्जिंग दिवसा, आणि तोवर कुणीतरी खाली बसलेलं पाहिजे. "मी बसते. भाजी निवडत बसते. कंपनीत मशिन चालू ठेवून कुणी घरी जातं का?"

सेक्रेटरी नरमले. त्यांनाही यातून सुटायचं होतं. ते म्हणाले, "ठीक आहे मावशी. आपण असं करू. सरसकट परवानगी देता येत नाही, पण वैद्यकीय कारण असेल तर अपवाद करता येतो. तुमचे गुडघे दुखतात ना? डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना? तेवढं बोला, मी लगेच नोंद करतो."

पार्किंगमध्ये सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं काहीच नव्हतं त्यात. गुडघे दुखत होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाटीलकाका मान हलवत होते, म्हणा, म्हणा. मी तिच्या कानाशी लागून म्हणाले, "हो म्हण, आत्या. जिंकलीस." एका शब्दाचं काम होतं. आणि तो शब्द नाही म्हटला तर सायकल गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहणार होती, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आत्या उभी राहिली.

"गुडघे दुखतात," ती म्हणाली. "पण त्यासाठी मी सायकल मारत न्हाई. गुडघे दुखायचे थांबले तरी मी मारणार. मला आवडतं म्हणून मारते."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ती तिकडे वळली. "तू रविवारी गाडी काढून लोणावळ्याला जातोस ना, भावा? का जातोस?"

"फिरायला," तो म्हणाला.

"वैद्यकीय कारण?"

आता बाकीचे हसले, त्याच्यावर. आत्या हसली नाही. सेक्रेटरींकडे बघत म्हणाली, "बाळा, दुखण्याच्या नावावर तू मला आज सोडशील. उद्या दुसरी कुणी येईल, जिचं काहीच दुखत न्हाई. तिला काय सांगशील, आधी आजारी पड? आगीवर बोल, मी तुझं सगळं ऐकलं. माझ्या वयावर बोलू नको. मला माझं वय म्हाईत हाय."

ती खाली बसली नाही. उभीच राहिली, पर्स पोटाशी धरून. सेक्रेटरी कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "प्लग मावशींच्या अटींवर, आणि ती खालची ओळ रद्द. हात वर करा, ज्यांना मान्य आहे." आधी बायकांचे झाले. मग पाटीलकाकांचा. मग हळूहळू इतके झाले की मोजायची गरज राहिली नाही. सेक्रेटरींनी स्वतःचाही वर केला, जरा उशिरा. विलासनं केला नाही. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता आणि आईकडे बघत होता.

पण दुसऱ्या दिवशी सायकलच्या हँडलला एक आरसा लावलेला होता, मागचं दिसायला. कुणी लावला हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर आत्या बरीच फिरली. पार्किंगच्या टोकाला तिची खुर्ची कायमची झाली. सायकल चार्ज होत असायची आणि ती मेथी निवडत असायची, तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी टोमणा ठरलेला. मला म्हणायची, "लेखिका बाई, कुणासाठी भांडताय सध्या? जेवून भांडा." तिच्यामुळं वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी सायकल शिकल्या, मैदानावर, तिच्याच हाताखाली. शिकवताना ती फार कडक होती. बाकांवरून कुणी हसलं तर त्याला बोलावून सीट धरायला लावायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. चार दिवसांचा ताप, फुप्फुसात उतरला. सायकलवरून पडून नाही, कुणाला तसं वाटत असेल तर.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, पांढऱ्या चादरींवर बसायला जागा उरली नव्हती. बुद्धवंदना झाली आणि मग बोलायला एकेक जण उठला. सगळे चांगलं बोलले, आणि सगळे तेच बोलले. कष्ट केले. सोसलं. संसार सावरला. मुलाला शिकवलं. आयुष्य वेचलं. वेचलं, झिजवलं, वाहिलं, एका बाईच्या आयुष्याला आपल्याकडे जेवढी क्रियापदं लागतात तेवढी सगळी झाली. मी उठायच्या तयारीत होते, भांडायच्याच. तेवढ्यात विलास उठला.

त्यानं हातात काही लिहून आणलं नव्हतं. तो पुढं येऊन चादरीच्या कडेला उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या आईला सायकल चालवायला फार आवडायचं." पुढं म्हणाला, "मी तिला विचारायचो, कशासाठी. तिनं मला सांगितलं होतं, मला पटत नव्हतं. उतारावर ती पाय पुढं सोडायची. मी एकदा गाडीतून मागून बघितलंय. तिला माहीत नव्हतं मी मागं आहे. मी हॉर्न दिला नाही." तो एवढंच बोलला आणि बसला. पाटीलकाका रडले, सेक्रेटरी रडले. मी तिच्याविषयी बोलायला म्हणून जे जे ठरवून आले होते, त्यातलं काही शिल्लक राहिलं नव्हतं. मी उठले नाही.

मला आत्याची मूर्ती उभी करायची नाही, तिला ते आवडलंही नसतं. मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे. तुमच्या इमारतीची पुढची सभा होईल तेव्हा घरी टीव्हीसमोर बसू नका, खाली जा. पार्किंगमध्ये, जिन्यापासून लांब, म्हाताऱ्या माणसांच्या सायकलींसाठी एक प्लग मागा. आगीची काळजी घ्या, मीटर वेगळं घ्या, त्यात तडजोड करू नका. समोरून कुणीतरी नक्की विचारेल की या वयात त्यांना जायचं कुठं असतं. तेव्हा औषधाचं नाव घेऊ नका, गुडघ्यांचं घेऊ नका. त्यांना आवडतं म्हणून, असं सांगा. लोक हसतील. हसू द्या, आणि हात वर होईपर्यंत उभे राहा.